वर्षातून दोन तास आदर्श

औषधविषयक नियमावली १९४५ सालची आहे आणि तिच्या ५१व्या नियमात औषध निरीक्षकाचं कर्तव्य स्वच्छ लिहून ठेवलेलं आहे: आपल्या हद्दीतलं औषधविक्रीचं प्रत्येक परवानाधारक दुकान वर्षातून किमान एकदा तपासावं. आता जरा हिशेब करू. मेडिकलचं दुकान सकाळी नऊच्या सुमारास उघडतं आणि रात्री दहाला शटर खाली येतं. दुपारची झापड वजा जाता रोजचे बारा तास धरले आणि सणवार सोडून वर्षाचे ३६० दिवस धरले, तर ४,३२० तास होतात. निरीक्षक चिकाटीचा असला तरी एका दुकानाला दोन तासांच्या वर वेळ देत नाही. उरले ४,३१८. त्या दोन तासांत दुकान कायद्याबरहुकूम चालतं याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. माझी तक्रार उरलेल्या तासांबद्दल आहे, आणि तीही दुकानदारापेक्षा तपासणीच्या पद्धतीबद्दल जास्त आहे. आपली तपासणी दुकान तपासते. औषध ज्या अर्ध्या मिनिटात काउंटरवरून गिऱ्हाइकाच्या हातात जातं, ते अर्धं मिनिट मात्र तिच्या तावडीत कधीच सापडत नाही. भिंत, कपाट, फाइल, रजिस्टर या गोष्टी जागच्या हलत नाहीत, म्हणून त्या तपासायला सोयीच्या. ते अर्धं मिनिट असं आहे की निरीक्षक काउंटरपाशी उभा राहिला की ते घडायचंच थांबतं.

काय काय पाहिलं जातं ते बघा. किरकोळ विक्रीसाठी जागा किमान १० चौरस मीटर हवी, जोडीला घाऊक विक्री असेल तर १५. परवाने दर्शनी भागी लावलेले हवेत. ते असतातच. लक्ष्मी, साईबाबा आणि कैलासवासी वडील यांच्या रांगेत चौथ्या चौकटीत परवाना बसवलेला असतो आणि सकाळची उदबत्ती फिरवताना घाईघाईत त्यालाही ओवाळलं जातं. शेजारी नोंदणीकृत फार्मासिस्टचं प्रमाणपत्र, त्यावर फोटो. फोटोतल्या गृहस्थाचे केस दाट आणि नजर करारी असते. काउंटरमागच्या माणसाशी त्याचं साम्य शोधणं हा तपासणीतला एकमेव कसबाचा भाग म्हणता येईल. जे दुकान स्वतः औषधं तयार करून देतं, त्याच्यासाठी नियमावलीच्या शेड्यूल एनमध्ये उपकरणांची यादी आहे. तिच्यात खलबत्ते आहेत, चिनी मातीच्या बशा आहेत, लिटमस कागद आहे, बाटलीचं बूच उपसायचं हत्यार आहे आणि गुदमार्गाने द्यायच्या वड्या पाडायचा साचाही आहे. हल्ली बहुतेक सगळी औषधं कारखान्यातून डब्यात बंद होऊनच येतात, त्यामुळे साच्याअभावी कुणाची अडचण होत नाही. त्याच यादीसोबत फार्मासिस्टने नेहमी स्वच्छ पांढरा कोट घालावा असंही सांगितलं आहे. आपल्याकडच्या मेडिकलमध्ये पांढरा कोट असतो हे मी मान्य करतो. तो खिळ्याला असतो.

कोट खिळ्यावरून अंगावर येण्याची वेळ वर्षातून एकदा येते. पूर्वी ही बातमी शेजारच्या गल्लीतला पोऱ्या सायकलवरून आणायचा, आता ती तालुक्याच्या केमिस्ट मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते. 'एफडीए (म्हणजे अन्न व औषध प्रशासन) आलंय, स्टँडजवळ', एवढाच मजकूर. पहिल्या दुकानात निरीक्षकसाहेब खुर्चीवर टेकून पाणी पितात न पितात, तोवर गावातल्या उरलेल्या दुकानांत कामाला वेग आलेला असतो. मुदत संपलेला माल विक्रीच्या मालापासून वेगळा ठेवून त्यावर 'विक्रीसाठी नाही' अशी चिठ्ठी हवी, म्हणून खोक्यावर मार्करने ती लिहिली जाते. सुट्या गोळ्यांची बरणी पोटमाळ्यावर जाते. ज्यांच्या नावावर दुकान चालतं ते फार्मासिस्ट कुठल्या तरी कंपनीत किंवा कॉलेजात नोकरीला असले, तर त्यांना फोन जातो आणि ते 'जरा बाहेर जाऊन आलो' म्हणून मोटारसायकलला किक मारतात. काही दुकानं याहून सरळ मार्ग पत्करतात आणि त्या दिवशी शटरच ओढतात. बाहेर पाटी असते: 'घरगुती कारणास्तव दुकान बंद राहील'. तपासणीच्या दिवशी एकाच बाजारपेठेत किती घरांत घरगुती कारणं उद्भवतात, याची नोंद कुणी ठेवली तर समाजशास्त्राला उपयोग होईल. पुढे निरीक्षक येतात, पाहतात आणि जे दिसतं तेच लिहितात. त्यात ते खोटं काही लिहीत नाहीत. कांद्यापोह्यांच्या कार्यक्रमावरून त्या घरच्या रोजच्या स्वयंपाकाचा अंदाज बांधणारी माणसंही जगात असतात, पण त्यांच्या अंदाजावर निदान सरकारी शिक्का उमटत नाही.

फ्रिजचं प्रकरण जरा सविस्तर बघण्यासारखं आहे, कारण तिथे नियम, विज्ञान आणि डबा एकत्र नांदतात. न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायचं असतं. जास्त उष्णतेने त्याची शक्ती जाते, आणि गोठलं तर ते कायमचं वाया जातं. म्हणजे बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवलेलं इन्शुलिन उन्हात ठेवलेल्यापेक्षा सुरक्षित असतं असं मुळीच नाही. दुकानातला फ्रिज घरगुती बनावटीचा. दारात इन्शुलिनची पेनं, मधल्या फळीवर लशी आणि डोळ्यांचे थेंब, खाली दह्याची वाटी, थंड पाण्याच्या चार बाटल्या आणि शेजारच्या मोबाइलवाल्याने सकाळी ठेवायला दिलेलं श्रीखंड. दार दर पाच मिनिटांनी उघडतं, ते बहुतांशी पाण्यासाठी. फ्रिजच्या बाजूला तापमानाचा तक्ता दोऱ्याने लटकावलेला असतो. रोज सकाळ-संध्याकाळ नोंद. पहिली तारीख, ४ अंश. दुसरी तारीख, ४ अंश. महिनाभर सगळीकडे ४, एकाच निळ्या पेनाने, एकाच बैठकीत, एकाच उतारावर झुकलेल्या अक्षरात. बाहेर चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्याचा पारा ४५च्या वर गेला असेल, दुपारी तीन तास वीज नसेल, पण तक्त्यावरचा फ्रिज ४ अंशांवरून तसूभर ढळलेला नसतो. निरीक्षक तक्ता बघतात. तक्ता पूर्ण आहे, असा शेरा येतो. तक्ता पूर्ण आहे हे खरंच आहे.

कागदाची हीच किमया बिलात आणि रजिस्टरात दिसते. क्षयरोगावरची औषधं, वरच्या पिढीची प्रतिजैविकं आणि काही सवय लावणारी औषधं यांच्यासाठी २०१३ साली शेड्यूल एच-वन नावाची वेगळी वर्गवारी झाली आणि १ मार्च २०१४ पासून ती लागू झाली. अशा औषधाची विक्री झाली की स्वतंत्र रजिस्टरात लिहून देणाऱ्या डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि त्याचं प्रमाण लिहायचं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. हेतू उत्तम. अडचण एवढीच की बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये डॉक्टरच्या नावाचा रकाना रिकामा सोडला तर बिल पुढे सरकत नाही, आणि समोरचं गिऱ्हाईक चिठ्ठी न आणता नुसतं रिकामं पाकीट दाखवत उभं असतं. मग काउंटरवरचा मुलगा यादीतलं पहिलं नाव निवडतो. यादी वर्णक्रमाने असते. त्यामुळे आडनाव 'अ'पासून सुरू होणारा एखादा सज्जन डॉक्टर असा निघतो, की कागदोपत्री तो रोज दीडशे रुग्ण तपासतो, त्वचारोग, हृदयविकार आणि स्त्रीरोग तिन्ही बघतो, आणि रविवारी संध्याकाळीही सुट्टी घेत नाही. प्रत्यक्षात तो कदाचित दोन वर्षांपूर्वी दवाखाना बंद करून मुलाकडे पुण्याला गेलेला असतो. रजिस्टर निर्दोष असतं. उलट खरीखुरी चिठ्ठी वाचून, खऱ्या डॉक्टरचं नाव टाकून, एखाद्या दिवशी घाईत रजिस्टरातला दुसरा रकाना राहून गेलेल्या दुकानदारालाच 'कारणे दाखवा' नोटीस येण्याचा संभव जास्त.

आता ते अर्धं मिनिट. गिऱ्हाईक म्हणतं, पाच दिवसांचा कोर्स लिहिलाय, पण सध्या दोन दिवसांच्याच द्या, फरक पडला तर बाकीच्या नेतो. मुलगा हूक लावलेल्या पेटीतून स्ट्रिप काढतो. तिच्या पाठीवर उभी लाल रेघ आहे. ही रेघ बघून लोकांनी डॉक्टरच्या सल्ल्याविना औषध घेऊ नये म्हणून २०१६ साली केंद्रीय आरोग्य खात्याने मोहीम काढली होती. मुलाला रेघ ठाऊक आहे, कारण कात्री सरळ चालवायला तिचा उपयोग होतो. तो चार गोळ्या कापतो. बॅच नंबर आणि मुदतीची तारीख स्ट्रिपच्या एका टोकाला छापलेली असते, आणि शहाणा दुकानदार कापताना ते टोक आपल्याकडे ठेवतो, कारण उरलेला तुकडा त्याला पुढे विकायचा असतो. चार गोळ्या खाकी पाकिटात जातात, पाकिटावर पेनाने दोन उभ्या रेघा आणि मध्ये एक शून्य: सकाळ-संध्याकाळ, दुपारी नाही. चिठ्ठीतली कंपनी संपली असेल तर 'कंटेंट सेम आहे' म्हणून दुसरी दिली जाते. शेड्यूल एचमधल्या, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या, औषधाच्या जागी, घटक तोच असला तरी, दुसरं उत्पादन देऊ नये असा नियम आहे, आणि दुसरीकडे सरकारच आपल्याला जाहिरातीतून सांगत असतं की घटक तोच असतो, नावाला भुलू नका. या गोंधळात मुलाची बाजू मला थोडी पटते. 'बिल हवंय का?' असा प्रश्न येतो, तो अशा सुरात की हो म्हणणाऱ्याला आपण वकील असल्यासारखं वाटावं. व्यवहार संपला. प्रतिजैविकाचा अर्धवट कोर्स, बदललेली कंपनी, हरवलेली मुदत, न झालेलं बिल आणि न दिलेला सल्ला, एवढं सगळं तीस सेकंदांत उरकलं आणि यातल्या कशाचाही कागद मागे राहिला नाही. तपासणीला सापडावं असं इथे काही उरलेलंच नाही.

कुणी म्हणेल, चार गोळ्यांच्या तुकड्याचं एवढं काय घेऊन बसलात. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडे खोकल्याच्या औषधाने लहान मुलं दगावली, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणलं होतं. तामिळनाडूत बनलेल्या त्या कोल्ड्रिफ औषधात ४८.६ टक्के डायइथिलिन ग्लायकॉल सापडलं. हे तेच विष, जे मिसळलेलं ग्लिसरीन पोटात जाऊन १९८६ साली मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात १४ रुग्ण मेले होते आणि ज्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला होता. या दोन्ही ठिकाणी विनोदाला जागा नाही. मुद्दा एवढाच की असं विष काउंटरवर वास घेऊन कुणाला ओळखता येत नाही, ते कारखान्यात आणि प्रयोगशाळेतच पकडायला हवं. दुकानाच्या हातात एकच गोष्ट असते. अमुक बॅच कुणाकुणाला दिली हे सांगता येणं. त्या वेळी महाराष्ट्रातही 'एसआर-१३ ही बॅच विकू नका, वापरू नका' असा इशारा निघाला. इशारा वाचून आईने कपाटातली बाटली बाहेर काढली, तर तिच्यावर निदान लेबल तरी असतं. खाकी पाकिटातल्या चार गोळ्यांवर काय असतं? दोन रेघा आणि एक शून्य. माल परत मागवण्याची सगळी यंत्रणा बॅच नंबरवर उभी आहे, आणि तो नंबर आपण रोज कात्रीने कापून ड्रॉवरमध्ये टाकतो. म्हणूनच भिंतीची मोजमापं घेण्यात गेलेल्या तासाबद्दल मला राग आहे.

यावर सरकारी बाजूचं पहिलं म्हणणं असं, की माणसं कुठायत? हे म्हणणं खोटं नाही. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २००३ सालीच सांगितलं होतं, की विक्रीच्या दर दोनशे दुकानांमागे एक निरीक्षक हवा आणि दर पन्नास कारखान्यांमागे एक. तसे निरीक्षक नेमले गेले तर मला आनंदच आहे. पण वरचा हिशेब पुन्हा मांडून बघा. दोनशेला एक हे प्रमाण उद्या सकाळी गाठलं, तरी त्या एका माणसाला नमुने घ्यायचेत, कोर्टात तारखांना हजर राहायचंय, जिल्ह्याच्या बैठकीला बसायचंय. फार तर दुकानाला वर्षातून एकाऐवजी दोन भेटी होतील. ४,३१८ऐवजी ४,३१६ तास उरतील. निरीक्षक दुप्पट केल्याने कोट दुप्पट वेळा खिळ्यावरून उतरेल, यापलीकडे मोठा फरक पडेल असं मला वाटत नाही.

दुसरं म्हणणं दुकानदाराचं, आणि ते जास्त वजनदार आहे. तो म्हणतो, मी चिठ्ठी मागितली तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं, समोरचा देतो. आणि चिठ्ठी आणायची कुठून? डॉक्टरची फी दोनशे-तीनशे, गोळ्या चाळीस रुपयांच्या. रात्री साडेनऊला मूल तापाने फणफणलेलं असताना मेडिकलवाला हाच गरिबाचा डॉक्टर असतो, आणि तो निदान उधारी मांडतो. हे सगळं खरं आहे. पण जर तोच गरिबाचा डॉक्टर असेल, तर त्या काउंटरमागे औषधशास्त्र शिकलेला माणूस असण्याची गरज वाढते. श्रीमंताला सल्ला डॉक्टरकडे मिळून गेलेला असतो. ज्याला तो मिळालेला नाही त्याच्यासाठीच फार्मासिस्ट हवा, आणि नेमका त्याच्याच वाट्याला बारावी नापास मुलगा येतो. तो मुलगा हुशार असतो हे मी नाकारत नाही. डॉक्टरांची जी अक्षरं पुराभिलेखागारालाही लागली नसती, ती तो एका नजरेत वाचतो. पण ताप उतरवणारी अमुक गोळी त्या मुलाच्या वजनाला किती द्यायची, डेंग्यूची शंका असताना कोणती वेदनाशामकं टाळायची, दोन वेगळ्या नावांच्या पाकिटांत पॅरासिटामॉल एकच आहे, हे सांगणं त्याच्या पगारात बसत नाही. कायद्याला खेड्याची अडचण कळत नाही असंही नाही. हजारापर्यंत वस्तीच्या गावात काही किरकोळ घरगुती औषधं परवान्याशिवाय विकायची सवलत नियमावलीत आहे. मात्र ती सवलत तिच्यापुरती आहे. लाल रेघ तिच्यात बसत नाही.

फार्मासिस्टच्या हजेरीचा प्रश्न आपल्याकडे एकदाच खऱ्या अर्थाने विचारला गेला. २०१२-१३च्या सुमारास, महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, राज्यभर तपासणी कडक झाली: फार्मासिस्ट जागेवर आहे का, चिठ्ठी आणि बिल आहे का. औषधविक्रेत्यांनी बंद पुकारले. एवढे फार्मासिस्ट आणायचे कुठून, हा या वादात नेहमी येणारा मुद्दा. तो ऐकताना भिंतीवरची प्रमाणपत्रं नक्कीच संकोचली असतील, कारण प्रत्येक परवाना कुणा ना कुणा फार्मासिस्टच्याच नावावर दिलेला होता. इथे ब्रिटनचा नियम आठवतो. तिथे दुकानाच्या जबाबदार फार्मासिस्टचं नाव आणि नोंदणी क्रमांक दर्शनी लावावा लागतो, आणि दिवसाकाठी जास्तीत जास्त दोन तास त्याला बाहेर जाता येतं. तेवढ्या वेळात काय विकायचं नाही हेही ठरलेलं असतं. आपल्या कायद्याने माणसाला जेवायची, बँकेत जायची, पोराच्या शाळेतल्या पालकसभेची सवड दिलेली नाही. दुकान उघडं तितका वेळ फार्मासिस्ट हजर, असा बाणेदार नियम. दोन तासांची गैरहजेरी मान्य करायला आपण तयार नाही, म्हणून बारा तासांची चालवून घेतो. पाळता येणार नाही असा कडक नियम सगळ्यांनाच सोयीचा असतो: दुकानदाराला तो पाळावा लागत नाही आणि निरीक्षकाला तो कधीही काढता येतो. परवाना निलंबित झालाच तर मंत्रालयात अपील असतं, आणि अपिलात काय होतं हे सांगायला औषधशास्त्राची पदवी लागत नाही.

गंमत अशी, की आपल्याच कायद्यात निरीक्षकाने गिऱ्हाईक होण्याची एक सुंदर तरतूद आहे. नमुना घ्यायचा असेल तर त्याने औषधाची रास्त किंमत दुकानदारापुढे ठेवायची आणि पोचपावती मागायची. दुकानदाराने पैसे नको म्हटलं, तर 'किंमत देऊ केली पण घेतली नाही' असं लिहायला स्वतंत्र छापील नमुना आहे, १७-अ. साहेबांना पैसे देऊ नका म्हणणारे दुकानदार इतके असणार हे नियमांना ठाऊक होतं, याबद्दल मसुदा लिहिणाऱ्याला दाद द्यावी लागेल. मग नमुन्याचे चार भाग, मोहोरा, दुकानदाराची वाटल्यास स्वतःची मोहोर, एक भाग त्याला, एक सरकारी विश्लेषकाला, एक कोर्टासाठी, एक जिथून माल आला त्याच्यासाठी. एवढ्या निगुतीने लग्नाचा बस्ताही बांधला जात नाही. २०१४ ते २०१६ दरम्यान झालेल्या देशव्यापी पाहणीत सरकारी प्रयोगशाळांनी ४७ हजारांवर नमुने तपासले. दर्जाला न उतरलेल्या औषधांचं प्रमाण ३.१६ टक्के निघालं. त्यात किरकोळ दुकानांतल्या नमुन्यांचं प्रमाण सुमारे ३ टक्के आणि सरकारी पुरवठ्यातल्या नमुन्यांचं १०.०२ टक्के. म्हणजे गोळीच्या बाबतीत मेडिकलवाला सरकारी भांडारापेक्षा तिपटीने बरा ठरला. गोळी बहुधा ठीक असते. ती ज्या रीतीने दिली जाते ती ठीक नसते, आणि त्या रीतीचा नमुना घेऊन मोहोर लावायची सोय अजून निघालेली नाही.

तो नमुना घ्यायचा तर निरीक्षकाने चप्पल घालून, कापडी पिशवी घेऊन, संध्याकाळी सातच्या गर्दीत जावं, चिठ्ठी न देता लाल रेघेच्या सहा गोळ्या मागाव्यात आणि काय मिळतं ते बघावं. फार्मासिस्ट कुठे आहे ते विचारावं. बिल मागावं. गोळ्यांवर तारीख आहे का पाहावं. पाच मिनिटांत होणारं काम आहे, एका संध्याकाळी दहा दुकानं होतील, ग्रुपवर बातमी यायच्या आत. हा सापळा झाला, असा आक्षेप येईल. त्यात सापडण्यासाठी दुकानदाराला जे करावं लागतं ते तो तसाही दिवसभर करतो आहे, त्यामुळे त्याला मुद्दाम फशी पाडलं असं म्हणता येणार नाही. ॲपवर दहा मिनिटांत घरपोच औषध देणाऱ्यांनाही असंच मागवून तपासावं. ऑनलाइन विक्रीच्या नियमांचा मसुदा २०१८ सालापासून मसुदाच आहे, तो पक्का व्हायची वाट बघायला नको.

आणि जे दिसलं ते लिहून ठेवायलाही नवीन कागद काढावा लागणार नाही. प्रत्येक मेडिकलमध्ये नमुना ३५ची तपासणी वही ठेवणं आजही बंधनकारक आहे. निरीक्षकाने तिच्यात आपल्या मनावर उमटलेले ठसे आणि आढळलेल्या त्रुटी नोंदवायच्या. सरकारी अधिकाऱ्याला आपले ठसे लिहायला सांगणारा दुसरा कायदा असेल तर तो फार दुर्मीळ असावा. पण ही वही राहते ड्रॉवरमध्ये, आणि तिचे वाचक दोनच, लिहिणारा आणि ज्याच्याविषयी लिहिलं तो. ब्रिटनच्या औषधदुकानांचे तपासणी अहवाल २०१९ पासून कुणालाही संकेतस्थळावर वाचता येतात. आपण एवढं जरी केलं, की ही वही काउंटरवर, गिऱ्हाइकाकडे तोंड करून, दोरीने बांधून ठेवायची, तरी समोरचा देतो म्हणून मीही देतो हा दुकानदाराचा मुद्दा निकालात निघेल, कारण समोरच्याची वहीही समोरच असेल. धंद्याची बदनामी होईल, ही तक्रार येईलच. ज्याच्या वहीत 'फार्मासिस्ट हजर, सल्ला दिला, बिल दिलं' असं लिहिलेलं असेल त्याची मात्र फुकटात जाहिरात होईल, आणि असे दुकानदार गावोगाव आहेत, त्यांना आजवर त्याबद्दल कुणी चार ओळी लिहिलेल्या नाहीत. चांगला शेरा विकत मिळू लागेल, हीही शंका घेतली जाईल. ड्रॉवरमधल्या शेऱ्याबद्दल ती घ्यायला आजही मोकळीक आहे. काउंटरवरचा शेरा रोज शंभर लोक प्रत्यक्षाशी ताडून बघतील, हा फरक. राहता राहिला आक्षेप अक्षराचा. निरीक्षकांचं अक्षर कुणाला लागेल? डॉक्टरांनी सुवाच्य आणि शक्यतो ठळक मोठ्या अक्षरांत लिहावं असा नियम २०१६ सालीच झालेला आहे, तो निरीक्षकांनाही लावता येईल. तरीही नाहीच लागलं, तर वाचून दाखवायला दुकानात फार्मासिस्ट असेलच. कायद्याने त्याचं तिथे असणं सक्तीचं आहे.